सीव्हीड लावायचं खरं, पण घेणार कोण?

प्रश्न : दादा नमस्कार, आम्ही देवगड तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका आहोत. बऱ्याच जणींच्या घरी होडी आहे पण हल्ली मासळी नाही, डिझेलचाही खर्च निघत नाही. एका शिबिरात सीव्हीडच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्या शेतीचं सांगितलं, 45 दिवसांत पीक, खत नको, सबसिडी पण आहे. आम्हाला जमेल का आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर : ताई, जमू शकतं, पण सुरुवात तराफ्यापासून नका करू, खरेदीदारापासून करा.

तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला हे काम कितीतरी वर्षं चाललंय आणि तिथेही बायकाच पुढे आहेत. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने कप्पाफायकस नावाच्या जातीचं तंत्र बसवलं, पण ते गावागावात पोचलं 2000 नंतर, पेप्सी कंपनी त्यात उतरली आणि माल उचलायला कोणीतरी आहे हे दिसलं तेव्हा. बांबूचा 12 बाय 12 फुटांचा तराफा, दोऱ्यांना साधारण 60 किलो बियाणं बांधायचं आणि दीड महिन्यात ते चौपट होतं, हे शिबिरात सांगितलं ते बरोबरच आहे. फक्त ओलं 10 किलो वाळवलं की हातात 1 किलोच येतं, म्हणून भाव विचारताना ओल्याचा की सुक्याचा हे आधी विचारा. त्या सुक्या मालातून कॅरागीनन काढतात, आइस्क्रीम, टूथपेस्ट घट्ट व्हायला ते लागतं, पण तो कारखाना लांब असेल तर भाड्यातच पैसे जातात.

दुसरं म्हणजे बियाणं. मागच्याच पिकाचे तुकडे परत परत लावत गेलं की सगळं एकसारखं होतं आणि रोग आला तर सगळंच जातं. 2013 नंतर तमिळनाडूत पाणी तापून मोठी मर झाली, उत्पादन एकदम खाली आलं. आपल्याकडे तर वर पावसाळा, जून ते सप्टेंबर तराफा उघड्या समुद्रात टिकायचा नाही, खाडीत गोडं पाणी उतरतं ते या शेवाळाला चालत नाही. मग ऑक्टोबरात बियाणं आणायचं कुठून? हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या भरवशावर बचत गटाचे पैसे घालू नका, अगदी कळकळीने सांगतोय. आणि मालवणच्या सागरी अभयारण्याजवळ तर नकोच, तमिळनाडूतल्या मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटापाशी हीच जात प्रवाळावर चढलेली आहे, आणि मालवणलाही प्रवाळ आहे ना.

आता मला यात खरी आशा कुठे वाटते ते सांगतो. ताजं शेवाळ पिळलं की रस निघतो, तो पिकांवर फवारतात, उरलेल्या चोथ्यातून कॅरागीनन काढता येतं, म्हणजे एका मालाचे दोनदा पैसे. नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले, सोलापूरचे डाळिंबवाले सीव्हीड एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे शेवाळाचा अर्क वापरतातच की, आणि त्यातलं बरंचसं परदेशातल्या थंड समुद्रातल्या शेवाळाचं असतं. गिऱ्हाईक आपल्याच राज्यात, घाटावर बसलंय आणि माल तिकडून येतोय याचं मला फार वाईट वाटतं. किनाऱ्यालाच रस काढायचं छोटं युनिट आणि त्याला जोडलेले चार-पाच गट असं झालं तर धंदा टिकेल, नुसतं वाळवून पोत्यात भरून पाठवण्यात काही उरत नाही. मात्र 2021 पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे पिकाच्या वाढीला मदत करणारी अशी द्रव्यं, खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, त्यामुळे नोंदणी न करता बाटल्या भरून विकता येणार नाहीत.

सबसिडी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत आहे, महिलांना 60 टक्के, पण उरलेले 40 टक्के तुमचेच जाणार आहेत. त्याआधी रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन तुमच्या जागेचं पाणी दाखवा, खारटपणा, लाटा, तळ सगळं बघून घ्या. मग एक हंगाम मोजकेच तराफे टाका, आणि भाव, ओलावा किती चालेल, पैसे किती दिवसांत हे खरेदीदाराकडून लेखी घ्या.

प्रश्न : माझी बीडला थोडी जमीन आहे. एक जण म्हणतो स्पिरुलिनाच्या (खायच्या बारीक शेवाळाच्या) टाक्या बांध, पावडर आम्हीच परत विकत घेऊ, फक्त आधी डिपॉझिट भर. करू का?

उत्तर : डिपॉझिट नका भरू. स्पिरुलिना वाईट नाही हो, 30 ते 35 अंशाला आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्यात ते मस्त वाढतं, मराठवाड्याचं ऊन त्याला मानवतं, पण ही खायची वस्तू आहे, तेव्हा एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स, स्वच्छ वाळवणी आणि प्रत्येक लॉटची लॅब टेस्ट लागते आणि खर्च तिथेच होतो. ज्याला खरंच पावडर हवी आहे तो तुमच्याकडून सॅम्पल मागेल, पैसे नाही. आधी एका छोट्या टाकीत करून बघा, आणि त्या माणसाला सांगा की तुमच्याकडून माल घेतलेल्या 3 शेतकऱ्यांचे नंबर द्या, मी स्वतः जाऊन भेटतो.