पर्समधला चाकू आणि कुणालाच न सांगितलेली गोष्ट

उशिराच्या पाळीत काम करणाऱ्या स्त्रिया मला वारंवार विचारतात, की स्वतःच्या रक्षणासाठी पर्समध्ये लहानसा चाकू ठेवला तर त्यात वावगे काय, आणि तेवढ्यावरून कंपनी नोकरीवरून काढू शकते का. या प्रश्नाचे उत्तर मी एका प्रकरणाच्या आधारे देत आहे. संबंधित तरुणीची संमती घेतली आहे आणि तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंग विभागात काम करणारी. दुसरी पाळी रात्री 10 वाजता सुटल्यावर कंपनीची बस तिला तिठ्यावर उतरवत असे आणि तिथून वाड्यापर्यंतची काळोखी वाट तिला एकटीने चालावी लागे. एके दिवशी गेटवरच्या तपासणीत तिच्या पर्समध्ये घडीचा चाकू सापडला आणि व्यवस्थापनाने तिला कारणे दाखवा नोटीस दिली. ती माझ्याकडे आली तेव्हा तिची झोप उडालेली होती. तिचे म्हणणे एकच होते : "मॅडम, चाकू दादाने दिलाय. पाते बोटाएवढे आहे, कायद्यात बसते म्हणतो तो. मग गुन्हेगारासारखी नोटीस मला का?"

दादाचे म्हणणे अर्धे खरे होते. 2016 च्या शस्त्र नियमांतील, परवाना लागू शकणाऱ्या हत्यारांच्या वर्गवारीत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, आणि घरकामाची वा शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. अन्यथा गोव्यातल्या प्रत्येक घरातला कोयता परवान्याखाली आला असता. परंतु एखादी वस्तू बाळगणे गुन्हा नाही, एवढ्यावरून ती कारखान्यात नेण्याचा हक्क मिळत नाही. आपल्या आवारात काय आणू द्यायचे हे मालक ठरवू शकतो, आणि तिने रुजू होताना सही केलेल्या नियमावलीत हत्यारांना स्पष्ट मनाई होती. भारतीय न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, पण कलम 37 प्रमाणे बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्यापुरता तो मर्यादित आहे. हत्यार सोबत नेण्याचा तो परवाना नव्हे.

हा नियम मला स्वतःला योग्य वाटतो. कोणाचा चाकू भीतीपोटी आहे आणि कोणाचा रागापोटी, हे गेटवरच्या रक्षकाने कशावरून ओळखावे? तिच्याच विभागात पुठ्ठे कापण्याचे कटर मोजून, सही घेऊन दिले जात आणि पाळी संपताच परत घेतले जात, आणि त्याबद्दल तिची कधीच तक्रार नव्हती.

मात्र नियम योग्य आहे म्हणून तिची भीती खोटी ठरत नव्हती. बसमधून उतरल्यावर ती नेमके काय करते, असे मी विचारले. उजवा हात पर्समध्ये चाकूवर असतो, त्यामुळे मोबाइल हातात नसतो, मागे वळून पाहायचे धाडस होत नाही, आणि घरी पोचल्यावर चाकू उशाखाली जातो, असे तिने सांगितले. भीती आटोक्यात ठेवण्यासाठी माणूस अशा सवयी लावून घेतो आणि पुष्कळदा त्याच सवयी भीतीला जिवंत ठेवतात. शिवाय घाबरलेल्या माणसाचा हात थरथरतो आणि चाकू हिसकावला गेला तर तो तिच्यावरच उलटू शकतो. तरीही भीतीचे कारण खरे असण्याची शक्यता असताना तिला केवळ श्वसनाचे व्यायाम शिकवून घरी पाठवणे मला अन्यायाचे वाटले असते.

दुसऱ्या भेटीत ती मोकळी झाली. त्याच कारखान्यात ठेकेदाराकडे माल चढवणारा एक इसम, त्याचे घर दुसऱ्या दिशेला असूनही, तिच्याच तिठ्यावर उतरून वाड्यापर्यंत तिच्या मागे येत असे. हे तिने कुणालाच सांगितले नव्हते. घरी कळले असते तर "नोकरी सोड" एवढेच उत्तर मिळाले असते, म्हणून तिने फक्त वाट वाईट असल्याचे सांगितले आणि दादाने चाकू दिला. त्या चाकूने घरच्यांची काळजी मिटली, तिची नोकरी वाचली, आणि तो माणूस मात्र रोज मागे येतच राहिला.

नोटिशीच्या उत्तरात तिने चाकू बाळगल्याचे नाकारू नये, पण तो का बाळगला हे प्रसंग, वेळ आणि त्या माणसाच्या ओळखीसह लिहावे, असे आम्ही ठरवले. 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात मालकाने पुरवलेले वाहनही कामाच्या ठिकाणातच मोडते, आणि कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्यांपासून स्त्रीला सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे. शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांच्या आत, अशा तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करावी लागते, म्हणून तो अर्जही तिने लगेच दिला. पाठलाग हा न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे हे मी तिला सांगितले. पोलिसांत जावे की नाही हा निर्णय तिचा होता, आणि तिने तूर्त न जाण्याचे ठरवले. घरी सांगण्यासाठी तिने दादाला माझ्याकडे आणले. तो आधी संतापला, मग बराच वेळ गप्प बसला आणि शेवटी नोकरी सोडण्याचा विषय त्याने काढला नाही.

कंपनीने तिला लेखी ताकीद दिली आणि ती मागे घेतली नाही. त्या इसमाला चौकशी होईपर्यंत तिच्याहून वेगळ्या पाळीत हलवले. बस आता वाड्याच्या तोंडापर्यंत जाते आणि ती दारात पोचेपर्यंत चालक थांबतो. त्याच वाटेवरच्या आणखी दोघींना याचा लाभ झाला, आणि त्यांनीही यापूर्वी कधी तक्रार केली नव्हती. ज्या कंपन्या गेटवर पर्स तपासतात, त्यांनी हत्यार सापडल्यावर नोटीस काढण्याआधी "हे कशासाठी लागते?" असे एकांतात, शक्यतो स्त्री अधिकाऱ्यामार्फत, विचारण्याची पद्धत नियमावलीतच घालावी, अशी सूचना मी तिच्या व्यवस्थापनाला लेखी दिली आहे.