ग्वाल्हेरला मावठ्याच्या आदल्या रात्री रजई नकोशी का होते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. जानेवारीत पाऊस यायच्या आदल्या रात्री ऊब वाटते आणि पाऊस गेल्यावर दात वाजतात, हे का? आणि थंड-गरम हवा मिसळून एक का होत नाही?

आधी दुसरं. कढत पाण्याच्या बादलीत कडेने हळूच विसण घातलं तर ते तळाशी जातं, ढवळल्याशिवाय एकजीव होत नाही. आमच्या लष्कर भागातल्या (ग्वाल्हेरचीच एक वस्ती) घरी हे मी पाय पोळून शिकले. हवेचंही तेच: गार हवा जड, ती उबदार हवेखाली पाचरीसारखी शिरते. फक्त बादलीतल्यासारखे थर आडवे होत नाहीत, पृथ्वीच्या फिरण्यामुळे सीमा तिरपी राहते. तिरपी म्हणजे किती, तर शंभर किलोमीटरला एखादा किलोमीटर चढ! त्यावरून दमट हवा वर ढकलली जाते, निवते, ढग होतात. या सीमेला 'आघाडी' म्हणतात. नाव युद्धातलंच, कारण पहिलं महायुद्ध संपता संपता नॉर्वेतल्या बर्गेनला ब्यर्कनेस पितापुत्र आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली. शीत आघाडी, म्हणजे जिथे गार हवा पुढे रेटते ती, भरभर चालते. तिने त्याच वादळातल्या पुढच्या उष्ण आघाडीला (जिथे उबदार हवा पुढे सरकते) गाठलं की मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते आणि हळूहळू वादळाचा जोर ओसरतो.

आता आपला मावठा, म्हणजे हा हिवाळ्यातला पाऊस (इकडचे हिंदी पेपरही 'मावठा'च छापतात). तो आणणारा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तान करत येतो. इथे पोचेतो पुस्तकातल्या युरोपच्या चित्रासारख्या ठसठशीत आघाड्या क्वचितच उरतात, बराचसा कारभार वरच्या हवेत चालतो. म्हणून ते चित्र ग्वाल्हेरवर जसंच्या तसं डकवू नका. वारा मात्र फिरतोच. विक्षोभ अजून पश्चिमेला असताना आपल्याकडे दक्षिण-पूर्वेची दमट हवा येते आणि ढग रात्री जमिनीची ऊब निसटू देत नाहीत. झाली रजई नकोशी. तो पुढे सरकला की वायव्येचा कोरडा गार वारा येतो, आभाळ मोकळं होतं, जमीन रात्रभर निवत राहते. त्यात वारा पडला तर भिजल्या मातीवर धुकं, आणि मग दिल्लीकडच्या गाड्यांचं वेळापत्रक विचारू नका.

पावसाळ्याच्या पावसाला यातलं काही लावू नका, तो आघाड्यांचा नसतो.

आमच्याकडे गच्चीवरचे कपडे आग्नेयेकडे फडफडायला लागले की मी ट्रंकेतून कानटोप्या काढते.