दोन कळांच्या मधली वेळ

दादर, मुंबई

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू हळूच विचारलंस, "काकू, खरं सांगा, बाळंतपणात फार दुखतं का हो?" तुझ्या मागे घरातली सगळी मंडळी बोलत होती, म्हणून तेव्हा मी विषय वाढवला नाही. आता निवांत लिहिते.

हो, दुखतं. पहिल्या खेपेला तर बहुतेकींना तोवर सोसलेल्या कुठल्याही दुखण्यापेक्षा जास्त दुखतं. "काही नाही गं, होऊन जातं" असं म्हणणारी माणसं मायेनेच म्हणतात. पण लेबर रूममध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला एक पक्कं माहीत आहे. जिला आधी कोणी काहीच सांगितलेलं नसतं, ती पहिल्या खऱ्या कळेलाच समजते की आपलं काहीतरी बिघडलंय. मग ती घाबरते, अंग आवळून घेते, श्वास कोंडते, आणि तीच कळ तिला अधिक लागते. तू तशी जाऊ नयेस एवढ्यासाठी हे पत्र.

दाढ दुखते ती सारखी ठणकत राहते. कळ तशी नसते. ती चढते, शिगेला जाते आणि उतरते. बाळंतपणाने नीट जोर धरला की दहा मिनिटांत साधारण तीन-चार कळा येतात आणि एकेक कळ पाऊण ते एक मिनिट टिकते. हिशेब कर, दहा मिनिटांतली सहा-सात मिनिटं तुला कळ नसते. कळ कशी सोसायची हे तुला सगळे सांगतील. मला सांगायचंय ते या मधल्या वेळेबद्दल. कळेवर आपला काही इलाज चालत नाही, ती तिच्या वेळेला येते. मधली मिनिटं मात्र तुझी असतात. मी पाहिलेल्या बायका कळेने जेवढ्या थकल्या, त्याहून अधिक पुढच्या कळेची धास्ती घेत बसल्याने थकल्या.

म्हणून कळ उतरली की आधी खांदे खाली सोड. दात आवळलेले असतात, जबडा सैल कर. मुठी उघड. दोन घोट पाणी किंवा नारळपाणी घे. डोळे मिटून घे. दोन कळांच्या मध्ये चक्क डुलकी लागते, आणि ती दीड मिनिटाची डुलकीही कामाला येते. दर दोनेक तासांनी लघवीला जाऊन ये, लागलेली नसली तरी. भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचं डोकं खाली सरकायला अडचण होते. "आणखी किती वेळ?" हे मात्र कोणालाच विचारू नकोस. त्याचं खरं उत्तर डॉक्टरांकडेही नसतं, आणि मिळालेलं उत्तर खोटं ठरलं की धीर सुटतो.

कळ आली की श्वास सावकाश आत घे आणि त्याहून सावकाश बाहेर सोड. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे. घाबरून भराभर श्वास घेतलेस तर बोटांना, ओठांना मुंग्या येतील. तसं झालं तर घाबरायचं नाही, गती कमी करायची, बस. आणि आवाज करावासा वाटला तर खुशाल कर. "चांगल्या घरची मुलगी ओरडत नाही" हे मी बायकांच्या तोंडून इतकं ऐकलंय की त्याची मला आजही चीड येते. धीर म्हणजे गप्प राहणं नव्हे. फक्त किंचाळलीस तर घसा आणि मान आवळते. त्यापेक्षा पोटातून, खालच्या पट्टीत "आऽऽ" किंवा "आई गंऽऽ" असं लांब सोड. कोणी तुझ्यावर खेकसलं, तर सोबतच्या माणसाने तिथेच शांतपणे सांगावं की तिच्याशी नीट बोला. कळा देणाऱ्या बाईवर आवाज चढवण्याचा अधिकार कोणालाही नाही. सिस्टरलाही नाही आणि डॉक्टरलाही नाही.

आता सोबतीचं. माझ्या मते साऱ्या उपायांत हा पहिला. सतरा देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा जिच्याजवळ कोणी ना कोणी सतत होतं तिचं बाळंतपण आपसूक होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, दुखणं कमी करणारी औषधं कमी लागली आणि वेळही थोडा कमी गेला. सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीजवळ सोबत असू द्यावी असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे, आणि सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही ते आहे. त्यात स्वतः बाळंतपणातून गेलेली बाई सोबतीला असावी असं म्हटलंय. पडद्यांची, आडोशाची सोय असेल तिथे नवऱ्यालाही राहू देता येतं. प्रत्यक्षात जागा किती, गर्दी किती, यावर बरंच ठरतं, म्हणून आधी विचारून ठेव.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री आपल्या कामा हॉस्पिटलात अतिरेकी शिरले, तेव्हा सिस्टर अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेऊन लपवलं. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या. सिस्टर तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने लेबर रूमपर्यंत घेऊन गेल्या आणि तिचं बाळंतपण पार पडलं. शिकाऊ मुलींना मी हे नेहमी सांगायची. तसल्या रात्रीही त्या बाईजवळ धरायला एक हात होता.

तुझ्याजवळ कोण असावं हे तूच ठरव. आई हवी असेल तर आई, सासूबाई हव्या असतील तर सासूबाई. जिच्या डोळ्यांत तुला कळ येताना बघून पाणी येतं, तिला बाहेर बसव, मग ती कितीही लाडकी असो. आत हवं ते शांत माणूस. त्या माणसाने काय करायचं? दर कळेला तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने तुझ्या कमरेखालच्या सपाट हाडावर घट्ट दाबून धरायचं. हलकं चोळणं नाही, चांगला जोर लावून. काही बाळांच्या डोक्याची मागची बाजू आईच्या पाठीकडे टेकून खाली येते, तेव्हा पुष्कळदा कळा कमरेतच जास्त जाणवतात. त्या वेळी या दाबण्याइतका आराम दुसऱ्या कशाने पडत नाही. दाब आणि स्पर्श यांच्या संवेदना मज्जारज्जूपाशी दुखण्याची वाट अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलं. आपल्या सुइणी ते त्याच्या कितीतरी आधीपासून हाताने करत होत्या. गरम पाण्याच्या पिशवीचा शेकही कमरेला बरा वाटतो, फक्त मध्ये कापड ठेवायचं.

आणि झोपून राहू नकोस. उताणं तर मुळीच नको. चाल, पलंगाला धरून उभी राहा, नवऱ्याच्या गळ्यात हात टाकून वाक, चार पायांवर ये. कमरेत कळा असतील तर हे चार पायांवरचं फार उपयोगी. उभं-बसतं राहिल्याने कळांचा पहिला टप्पा सरासरी तासाभराने लवकर आटोपतो. सासूबाई तुला रोज लादी पुसायला सांगतात, म्हणालीस. हालचाल चांगलीच, पण लादी पुसली म्हणून कोणाचं नॉर्मल झालं आणि न पुसल्याने सिझर झालं असं नसतं. कंटाळा आला तर त्याऐवजी संध्याकाळी चालून ये.

तुझी तारीख जुलैच्या शेवटाची. राहायला भांडुप, नाव परळला घातलेलं. याची मला कळांपेक्षा जास्त काळजी आहे. साधारण नियम असा की कळा पाच-पाच मिनिटांनी येताहेत, एकेक मिनिटभर टिकतेय आणि तासभर असं चाललंय, तर निघायचं. त्याआधीचा काळ पहिलटकरणीला कित्येक तासांचा, कधी दिवसभराचाही असतो आणि तो घरी काढलेला बरा. मऊ वरणभात खा, कोमट पाण्याने आंघोळ कर, झोप येईल तेवढी झोप. मात्र मोठा पाऊस आणि भरती एकत्र असली की वाटेत गांधी मार्केट आणि हिंदमाताला रस्त्यावर कसं पाणी तुंबतं ते तुला माहीत आहे. त्या दिवशी पाच मिनिटांची वाट बघायची नाही, सात-आठ मिनिटांवरच निघायचं. भरतीच्या वेळा नवऱ्याला फोनमध्ये घालून ठेवायला सांग, आणि भांडुप-मुलुंडमधलं एक हॉस्पिटल अडचणीसाठी बघून ठेवा. १०८ नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे.

पाणमोट फुटली, ताजं लाल रक्त जायला लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ३७ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर कसलीही मिनिटं मोजायची नाहीत. तडक जायचं. पाणमोटीचं पाणी हिरवट दिसलं तर ते जाताच सांगायचं. आणि कळा याव्यात म्हणून एरंडेल घ्यायला कोणी सांगितलं, तर मनाने घेऊ नकोस.

कधी कधी कळा वाढवायला सलाइनमधून औषध देतात. त्याने कळा एकदम जोरात आणि लवकर लवकर येतात, मधली वेळ आखडते. मी वर लिहिलेला हिशेब तेव्हा तसाच्या तसा लागू पडत नाही. सलाइनवर असताना "मला जमत नाहीये" असं वाटलं, तर स्वतःला दोष देऊ नकोस, सरळ आराम माग.

आराम मागणं म्हणजे हरणं नव्हे. हे तुला शंभर जणी उलट सांगतील, म्हणून मुद्दाम लिहिते. एपिड्युरलमध्ये भूलतज्ज्ञ कमरेच्या मणक्यांमधून एक बारीक नळी बसवतात आणि तिच्यातून औषध सोडतात. दुखणं पुष्कळ कमी होतं, पाय थोडे जड होतात, बीपीवर लक्ष ठेवावं लागतं, आणि शेवटी जोर लावायला थोडा जास्त वेळ लागू शकतो. त्याने सिझरची शक्यता वाढत नाही आणि जन्मभराची कंबरदुखीही मागे लागत नाही. काही ठिकाणी नायट्रस ऑक्साइड आणि प्राणवायू निम्मेनिम्मे मिसळलेला गॅस असतो. मास्क स्वतःच्या हातात धरायचा आणि कळ चढायला लागताच ओढायचा, शिगेला पोहोचेपर्यंत थांबायचं नाही. इंजेक्शनं असतात, त्यांनी गुंगी येते आणि मळमळतं. यातलं काहीही न घेता मूल झालं तर आनंदच, घेऊन झालं तरी तेवढंच. सिझर करावं लागलं, तरी तू काही कमी केलं असं होत नाही.

शेवटाकडे एक वेळ अशी येते की अंग थरथरतं, उलटी होते, आणि बाई म्हणते, "आता नाही होत, मला घरी जायचंय." अगदी सोशिक बायका म्हणतात. गर्भपिशवीचं तोंड आठ ते दहा सेंटिमीटर उघडतं तेव्हाचं हे. ते वाक्य तुझ्या तोंडून निघालं की सोबतच्या माणसाने ओळखावं, आता थोडंच राहिलं. मग शी ला झाल्यासारखा जोर खाली येतो. लाजू नकोस, तो बाळाच्या डोक्याचा दाब असतो. शरीर सांगेल तेव्हा जोर लाव, मध्ये विश्रांती घे. डोकं बाहेर येताना तिथे चरचरून जळजळतं. त्या क्षणी सिस्टर "जोर नको, फुंकर मार" म्हणतील, ते ऐक. घाई केली तर फाटतं. या वेळी कोमट पाण्यात बुडवलेलं कापड खाली धरलं तर मोठ्या जखमा कमी होतात, ते मागून घे. पोटावर कोणी वरून दाब द्यायला लागलं तर नको म्हणा. जागतिक आरोग्य संघटनाही तो देऊ नये असंच सांगते.

पुढच्या तपासणीला जाशील तेव्हा एवढं विचारून ये: आत सोबत कोणाला सोडतात, कळा येत असताना चालू-फिरू देतात का, खायला-प्यायला देतात का, खाली छेद देऊन टाके दरवेळी घालतात की गरज पडली तरच, आणि रात्री दोन वाजता एपिड्युरल मागितलं तर भूलतज्ज्ञ किती वेळात येतात. हे शेवटचं नक्की विचार. लहान हॉस्पिटलांत त्यांना बाहेरून बोलवावं लागतं, आणि आयत्या वेळी उत्तर "बघू" असं मिळतं. उत्तरं लिहून घे आणि मला फोनवर वाच. काही खटकलं तर ठिकाण बदलायला अजून वेळ आहे.

हे पत्र नवऱ्यालाही वाचायला दे. कमरेवर दाब कसा द्यायचा त्याचा सराव आजपासून करा.

तुझी,
काकू