पैज कोणी लावली होती?

"ताई, मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढले. वडील यंत्रमागावर होते, अम्मा घरी विड्या वळायची. आता मी पुण्यात असते. मुलांना त्या दिवसांच्या गोष्टी सांगायला लागले की अम्मा उठून आत जाते. गेल्या दिवाळीत म्हणाली, 'पुरे कर, काय एवढं गोड होतं त्यात?' तेव्हापासून खुपतंय. माझं बालपण मी उगाच गोड करून सांगते का?"

उगाच नाही. तुमच्या आठवणी खऱ्या आहेत. पण तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडकले. शाळेतून आल्यावर अम्माच्या सुपाशेजारी बसून तुम्ही भावंडं विड्यांची तोंडं बंद करायचात, शंभर आधी कोणाच्या होतात अशी पैज लागायची आणि जिंकेल त्याला गूळ-शेंगदाणे मिळायचे. मला सांगा, ती पैज कोणी लावली होती?

अम्मानेच ना? मजुरी हजार विड्यांवर. हजार भरायला तिचे दोन हात पुरत नव्हते, म्हणून पोरांना कामाला बसवावं लागलं. ते तुम्हाला काम वाटू नये म्हणून तिने पैज लावली, आणि तुम्हाला ते खरंच कधी काम वाटलं नाही. आता तुम्ही तीच पैज हसत हसत नातवंडांसमोर सांगता, तेव्हा तिला काय आठवत असेल?

माझी आजी सिन्नरला विड्या वळायची. रात्री पानं भिजवून ओल्या पोत्यात गुंडाळायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची. लहानपणी मी एकदा तिच्या कुशीत शिरून म्हटलं, "आजी, तुझ्या पदराचा वास मला फार आवडतो." ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला जवळ घेण्याआधी ती लुगडं बदलायला लागली. तंबाखूच्या वासाची तिला लाज वाटत होती आणि मी नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं. का बदलतेस, हे मी तिला कधी विचारलं नाही. ते माझं राहूनच गेलं. तुमचं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

सोलापूरजवळ कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत 2006 साली घर मिळाल्यावर अम्मा जुन्या गल्लीत एकदाही गेली नाही, याचंही तुम्हाला वाईट वाटतं. अहो, विडी कामगार बायकांची ती 10,000 घरं कोणी आपणहून दिली नाहीत. वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. ज्या खोलीतून बाहेर पडायला इतकं झगडावं लागलं, तिच्याकडे ती मायेने कशी बघेल? तुम्ही बघू शकता, कारण तुम्हाला तिथून शिकून बाहेर पडता आलं. तुमच्या शाळेची ती शिष्यवृत्तीसुद्धा अम्माच्या विडी कामगार ओळखपत्रावरच मिळाली होती, हे तुम्हीच लिहिलंय.

तेव्हा मुलांना गोष्टी सांगणं थोडे दिवस थांबवा आणि आधी अम्माचं ऐका. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापूरला जाणारच आहात, तेव्हा एक दुपार फक्त तिच्यासाठी ठेवा. मुलं, जावई कोणी नको. तुमच्या घरच्या तेलुगूतच बोला. पुण्याला गेल्यापासून तुम्ही तिच्याशी मराठीतच बोलता, हेही मला पत्रात खटकलं. "ते दिवस कसे होते गं" असं विचारलंत तर ती "होते तसे होते" म्हणून उठेल. त्यापेक्षा हातातलं काहीतरी विचारा. कारखान्यात माल द्यायला गेल्यावर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या, किती निघायची? छाटीतल्या विड्यांचं पुढे काय व्हायचं? पोरांनी तोंडं नीट बंद केली नाहीत म्हणून कधी माल परत आला का?

या शेवटच्या प्रश्नाला ती कदाचित हसेल, कदाचित रडेल. तुम्ही मध्ये बोलू नका, माफीही मागू नका. आणि पैजेची गोष्ट मुलांना सांगू नको म्हणाली, तर सांगू नका.