ठिपके मोजण्याआधी केजचं कार्ड बघा

ब्लॅक सिक्स या प्रयोगशाळेतल्या जातीचे नर उंदीर, सगळे एकाच वयाचे, औषध अजून सुरूही नाही. तरी लघवीचे ठिपके मोजायच्या चाचणीत काहींच्या खालच्या फिल्टर पेपरवर कोपऱ्यात दोन-तीन मोठे डाग आणि काहींच्या कागदभर बारीक ठिपके, असं तुम्ही लिहिलंय. गाइड म्हणतायत मूत्राशय ‘ओव्हरॅक्टिव्ह’ आहे, म्हणजे वाजवीपेक्षा जास्त चाळवलेलं. जरा थांबा. हे नर एका केजमध्ये कधीपासून आहेत आणि कोणी ठेवलेत?

ठिपके दाखवणारा यूव्ही दिवा, ते मोजायचं इमेज-जे सॉफ्टवेअर वगैरे तुम्हाला येतंच, ते सोडतो.

नर उंदीर हद्द सांगायलाही मुततो. डेसजार्डिन्स, मारुनियाक आणि ब्रॉन्सन यांनी १९७३ मध्येच ‘सायन्स’मध्ये यूव्ही प्रकाशात दाखवलं होतं: वरचढ नर सगळी फरशी खुणांनी भरतो, दबलेला कोपऱ्यात मोजक्या जागी मुततो. हा दबाव आठवडेच्या आठवडे चालला की दबलेला लघवी धरून ठेवायला लागतो, एका वेळचं प्रमाण वाढतं, मूत्राशयाचं वजनही वाढतं. मग तुलनेसाठी ठेवलेला, औषध न दिलेला कंट्रोल गट कसला कंट्रोल?

आमच्याकडे रॅक कमी पडले म्हणून अ‍ॅनिमल हाऊसच्या ऑफिसने वेगवेगळ्या केजमधले प्रौढ नर परस्पर एकत्र केले. ना मेल, ना रजिस्टरात नोंद. जुन्यातलं एक कार्ड अडकवलं की काम झालं. आकडे का फाटतायत म्हणून आम्ही कागदाचा लॉट बदलला, दिवा बदलला, सगळ्या प्रतिमा पुन्हा मोजल्या. ऑफिसात विचारलं तर उत्तर, ‘‘संख्या बरोबर आहे ना? मग?’’ खरं काय ते शेवटी केज धुणाऱ्या मामांनी चहा पिताना सहज सांगितलं. लेखी मागितलं तर म्हणे तशी पद्धत नाही. सगळी बॅच वाया. इतके प्राणी कशासाठी गेले, हे एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात लिहायचं, ते मात्र कोणी सांगितलं नाही.

आता माझं मत. मी व्हेट नाही, माद्यांवर कामही केलेलं नाही, तेव्हा बेतानं घ्या. दूध तोडल्यापासून, म्हणजे साधारण २१ दिवसांपासून, एकत्र वाढलेले भाऊच एका केजमध्ये ठेवा. प्रौढ नर नंतर मिसळू नका. सगळ्यांना एकेकटं ठेवा असं काही जण सांगतील. मला पटत नाही. एकटेपणानंही वागणं बदलतं, शिवाय उंदराला ३० अंशांच्या आसपास बरं वाटतं, २२ अंशांच्या खोलीत एकटा गारठतो. पण पाठीवर चावे दिसले तर वेगळं करावंच लागतं. मग त्याचे आकडे गटात धरू नका.

केज बदलल्याच्या दिवशी चाचणी नको, खुणा पुसल्या गेल्या की नर नव्यानं करत बसतात. बदलताना घरट्याचा कापूस नव्या केजमध्ये न्या, मुतलेलं बेडिंग नाही; त्यानं मारामाऱ्या वाढतात. वेळ रोज तीच ठेवा, हाताळणारी व्यक्तीही. पुरुषांच्या नुसत्या वासानं उंदरांवर ताण येतो, असं २०१४ मध्ये ‘नेचर मेथड्स’मध्ये आलंय. गाइड हसतील, हसू देत.

आणि कार्डावर विसंबू नका. ओळखीसाठी प्रत्येक उंदराच्या कानाला पंच करून घ्या, कोण कोणाबरोबर आहे याची वही स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. मोठे डाग आणि बारीक ठिपके करणारे एकाच केजमधले निघाले तर कळवा, औषधाचं नंतर बघू.