वाचन सुधारतंय, पण कशावरून?

या वेळचे प्रश्न वेगवेगळ्या घरांतून आणि वर्गांतून आले आहेत, पण बहुतेकांची अडचण एकच आहे. वाचन सुधारायचं हे ठरलंय. ते सुधारलं हे कशावरून ओळखायचं, ते मात्र ठरलेलं नाही.

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. बाईंनी प्रगतिपुस्तकात ‘वाचन सुधारावे’ असा शेरा दिला आहे. आम्ही रोज अर्धा तास तिला वाचायला बसवतो. याचं मोजता येईल असं उद्दिष्ट कसं ठरवायचं?

उत्तर : ‘रोज अर्धा तास’ हे तुमच्या चिकाटीचं माप झालं. तिच्या वाचनाचं माप वेगळं घ्यावं लागेल, आणि त्याची सुरुवात ती आज कुठे आहे इथून होते.

तिच्या इयत्तेला साजेसे, पण तिने आधी न वाचलेले तीन उतारे घ्या, प्रत्येकी दीडशे-दोनशे शब्दांचे. प्रत्येक उतारा एक मिनिट मोठ्याने वाचू द्या आणि तुमच्या हातातल्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांखाली रेघ मारत जा. चुकीचा वाचलेला शब्द, गाळलेला शब्द आणि तीन सेकंद अडल्यावर तुम्हाला सांगावा लागलेला शब्द, या तिन्ही चुका. स्वतःच लगेच दुरुस्त केलेला शब्द बरोबर धरा. घरच्या बोलीतला उच्चारही चूक नाही. घरात सगळे ‘पानी’ म्हणत असतील आणि तिने ‘पाणी’ तसं वाचलं, तर तिला तो शब्द वाचता आलेला आहे.

समजा, तीन उताऱ्यांत बरोबर शब्द ३८, ४२ आणि ५१ आले. सरासरी काढत बसू नका, मधला आकडा घ्या : ४२. एखादा उतारा फार सोपा किंवा फार अवघड निघाला, तरी मधला आकडा त्याने हलत नाही. एक मिनिटाच्या वाचनावरून प्रगती पाहण्याची ही रीत स्टॅन्ली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९७०च्या दशकापासून विकसित केली. शिक्षकाला ती वरचेवर, फारशी तयारी न करता वापरता यावी, हा त्यामागचा हेतू होता.

आता चुकांकडे बघा. खरी माहिती तिथेच असते. ४२ बरोबर आणि ८ चूक म्हणजे ५० पैकी ४२, म्हणजे ८४ टक्के अचूकता. शंभरातले दहापेक्षा जास्त शब्द चुकत असतील, तर तो मजकूर मुलाला झेपत नाही आणि शिकवण्यासाठी साधारण ९५ टक्के अचूकतेचा मजकूर योग्य, हा ढोबळ हिशेब जुना आहे आणि अजूनही कामाचा आहे. तेव्हा तुमच्या मुलीच्या बाबतीत वेगाचा विचार आत्ता नकोच. आठपैकी सहा चुका जोडाक्षरांत किंवा रफारात असतील, तर उद्दिष्ट तिथलंच हवं. उदाहरणार्थ : ‘जोडाक्षरं असलेल्या, आधी न पाहिलेल्या २० शब्दांपैकी आज ती ९ बरोबर वाचते; सहा आठवड्यांनी, दोन वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन नव्या याद्यांत ती किमान १८ बरोबर वाचेल.’ आजची स्थिती, वाचायचं साहित्य, अपेक्षा आणि मुदत हे सगळं यात आलं. ‘नव्या याद्यांत’ हे शब्द गाळू नका, नाहीतर जुनी यादी पाठ होईल आणि आकडा फसवेल.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. एका मुलाचे मिनिटाला बरोबर शब्द एका आठवड्यात ५६ आले, पुढच्या आठवड्यात ४९, मग ५८. यातून काय समजायचं? आणि इंटरनेटवर इयत्तेनुसार आकड्यांचे तक्ते मिळतात, ते वापरू का?

उत्तर : तक्त्यांचं आधी सांगतो. तुम्ही पाहिलेला तक्ता बहुधा हॅसब्रूक आणि टिंडल या वाचन-अभ्यासकांचा असेल. त्याच्या २०१७च्या आवृत्तीत तिसरीच्या अखेरीस मधल्या मुलाचे, म्हणजे निम्मी मुलं ज्याच्या पुढे आणि निम्मी मागे असतात त्याचे, मिनिटाला ११२ बरोबर शब्द दिले आहेत. तो तक्ता इंग्रजी वाचनाचा आहे. ‘झाडाखालच्या’ हा आपल्याकडे एक शब्द. इंग्रजीत त्याचे तीन-चार सुटे शब्द होतात आणि प्रत्येकाची मोजणी वेगळी होते. इंग्रजीचा ११२ मराठी मुलाच्या माथी मारला, तर नीट वाचणारी मुलंही ‘मागे’ पडलेली दिसतील. तुमच्याच वर्गातली, उतारा सहज वाचून समजून सांगणारी चार-पाच मुलं मिनिटाला किती वाचतात ते पाहा. तो पल्ला तुमच्यासाठी जास्त खरा आहे.

आता आकड्यांची वर-खाली. पाच-सात शब्दांचा फरक उताऱ्यामुळे, झोपेमुळे, शेजारच्या वर्गातल्या गलक्यामुळेही पडतो. दोन आठवड्यांची तुलना करून ना शाबासकी द्या, ना काळजी करा. आलेखाच्या कागदावर पहिल्या दिवसाचा मधला आकडा आणि मुदतीअखेरचं उद्दिष्ट हे दोन बिंदू रेघेने जोडा आणि दर आठवड्याचा बिंदू त्यावर मांडत जा. ओळीने चार बिंदू रेघेखाली आले, तर शिकवण्यात काहीतरी बदला : उतारा सोपा करा, गट लहान करा, किंवा तोच उतारा तीन-चारदा वाचून घ्यायचा सराव सुरू करा. चारही बिंदू रेघेच्या वर असतील, तर उद्दिष्ट वाढवा. मुलाला ‘तू अजून खालीच आहेस’ असं सांगण्यासाठी हा कागद नाही. तो तुमच्या टेबलाच्या खणात राहिला तरी चालेल.

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. धडाधड वाचतो, एकही शब्द चुकत नाही. पण काय वाचलंस विचारलं की गप्प. याला वेगाचं उद्दिष्ट देऊन काय उपयोग?

उत्तर : काहीच नाही. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलेलं एक साधं सूत्र आहे : वाचून समजणं म्हणजे शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू कितीही भक्कम असली, तरी दुसरी शून्याजवळ असेल तर उत्तर शून्याजवळच राहतं. तुमच्या मुलाची पहिली बाजू ठीक आहे, तेव्हा मोजायचं ते दुसरीकडे.

आधी एक चाचणी घरीच करा. तशाच पातळीचा एक उतारा तुम्ही त्याला वाचून दाखवा आणि तेच प्रश्न विचारा. ऐकून समजत असेल, तर तो वाचताना घाई करतोय, लक्ष दुसरीकडे आहे. ऐकूनही समजत नसेल, तर शब्दसंपत्ती किंवा त्या विषयाची माहिती कमी पडते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे, म्हणून उद्दिष्टंही वेगळी.

माहितीचा मुद्दा लोक हलका समजतात, म्हणून थोडं थांबतो. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या एका सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळाची चांगली माहिती असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. त्यामुळे ‘आकलन ८० टक्के’ असं उद्दिष्ट लिहिणं अर्धवट आहे. कोणत्या विषयाच्या उताऱ्यात, हे लिहायलाच हवं.

घाई करणाऱ्या मुलासाठी मी असं उद्दिष्ट सुचवेन : ‘तीनशे शब्दांची अनोळखी गोष्ट मनात वाचून, पुस्तक मिटून, तो ती स्वतःच्या शब्दांत सांगेल; आधीच लिहून ठेवलेल्या दहा मुद्द्यांपैकी किमान सात त्यात येतील, आणि असं लागोपाठ तीन गोष्टींत होईल.’ दहा मुद्दे तुम्ही आधी लिहा; त्याचं ऐकता ऐकता ठरवलेत, तर प्रेमापोटी गुण वाढतात. शिवाय ‘असं का झालं असेल?’ या जातीचे, उत्तर उताऱ्यात थेट न सापडणारे दोन प्रश्न ठेवा आणि त्यांची नोंद वेगळी करा. नुसते ‘कोण, कुठे, कधी’ विचारले, तर न समजताही ओळ शोधून उत्तर देता येतं. आपल्या बऱ्याच स्वाध्यायांनी मुलांना नेमकी तीच युक्ती शिकवली आहे.

प्रश्न : घड्याळ लावलं की मुलगी रडवेली होते. तरी मोजत राहू?

उत्तर : घड्याळ तिला दिसलंच पाहिजे असं नाही. तिला पूर्ण उतारा वाचू द्या, एक मिनिट झालं की तुमच्या प्रतीवर खूण करा आणि ती शेवटपर्यंत वाचेल तसं ऐकत राहा. ‘भरभर वाच’ म्हणू नका. ‘मला गोष्ट कळेल असं वाच’ म्हणा. हेही जमत नसेल, तर काही आठवडे फक्त अचूकता मोजा. त्याला घड्याळ लागत नाही.

प्रश्न : वर्षाला ५० पुस्तकं, हे उद्दिष्ट कसं आहे?

उत्तर : सवयीसाठी छान, कौशल्यासाठी निकामी. ५० पूर्ण करायची म्हटली की माणूस पातळ पुस्तकं शोधतो.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. मिनिटाला हजार शब्द वाचायला शिकवणारा एक वर्ग आहे. आकलन तेवढंच राहतं म्हणतात. लावू का?

उत्तर : पैसे वाचवा. मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून दाखवलं की प्रौढ माणूस इंग्रजीतला माहितीपर मजकूर मनात वाचतो तो सरासरी मिनिटाला २३८ शब्दांनी, आणि कथा-कादंबरी २६० शब्दांनी. मराठीचा आकडा वेगळा येईल, पण चौपट होणार नाही. कीथ रेनर आणि सहकाऱ्यांच्या २०१६च्या आढाव्याचा निष्कर्षही स्पष्ट आहे : वेग फार वाढवला की समज घटते. वरवर चाळणं हे उपयोगी कौशल्य आहे, फक्त त्याला वाचन म्हणून विकू नये.

परीक्षेत लागते ती वाचलेलं आठवण्याची ताकद, तेव्हा तीच मोजा. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं, तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने विचारलं, तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. म्हणून उद्दिष्ट असं ठेवा : आज वाचलेल्या प्रकरणातले १५ मुद्दे प्रश्नरूपात लिहून ठेवायचे, सात दिवसांनी पुस्तक न उघडता उत्तरं द्यायची आणि महिनाअखेरीस १५ पैकी १२पर्यंत पोहोचायचं. वेग मोजायचाच असेल, तर एका उताऱ्याला लागलेली मिनिटं आणि त्यावरच्या बरोबर उत्तरांची संख्या शेजारी-शेजारी लिहा. वेळ कमी झाला आणि उत्तरंही घटली, तर तो वेग तुमच्या कामाचा नाही.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. दोन वर्षं शिकवणी चालू आहे, तरी काना-मात्रा चुकतात, साधे शब्द अडतात. दरवर्षी ‘पाचवीचा उतारा सलग वाचेल’ असंच काहीतरी उद्दिष्ट लिहिलं जातं. आता काय करू?

उत्तर : ते उद्दिष्ट त्याच्या इयत्तेचं आहे, त्याचं नाही. इयत्ता विसरून मागे जा. सुटी अक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटीचे शब्द, मग जोडाक्षरं, मग छोटी वाक्यं, या क्रमाने पाहत चला आणि जिथे शंभरात नव्वददेखील बरोबर येत नाहीत तिथे थांबा. काम तिथून सुरू करायचं. तीन-चार आठवड्यांची छोटी उद्दिष्टं ठेवा, म्हणजे पुढे सरकल्याचं त्यालाही दिसेल. मात्र त्याच्या वयाची पुस्तकं त्याला वाचून दाखवणं थांबवू नका. नाहीतर शब्द आणि माहिती या बाबतीतही तो मागे राहील.

त्याचबरोबर डोळे आणि कान तपासून घ्या. नियमित, नीट शिकवूनही दोन वर्षांत हालचाल नसेल, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं-लिहिणं शिकायला फार अवघड जाण्याची, शक्यता तपासायला हवी. मानसशास्त्रज्ञ किंवा विशेष शिक्षक रीतसर चाचण्या घेऊन ते सांगू शकतात. आळशीपणा आणि बुद्धी या दोन्हींशी त्याचा संबंध नाही. भेटीला जाताना गुणपत्रिकेबरोबर गेल्या दोन-तीन महिन्यांच्या तारखांसह नोंदी न्या : कोणती यादी दिली, किती बरोबर आले, कोणत्या जातीची चूक पुन्हा पुन्हा झाली. तपासणीची तारीख लांबची मिळाली, तरी तोवर रोजचा सराव चालूच ठेवा.