‘तुम्ही पोहोचलात’ म्हणतं, पण गेट कुठाय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नजर गेल्यापासून तुम्ही टॉकबॅक (ॲण्ड्रॉइड फोनवरचं सगळं वाचून दाखवणारी सोय) आणि नकाशाच्या ॲपच्या भरवशावर एकटे फिरता. कोथरूडला बहिणीच्या सोसायटीत जाताना ॲप दर वेळी मागच्या गल्लीत नेतं, ‘तुम्ही पोहोचलात’ म्हणतं आणि गप्प बसतं. काठीला नुसती भिंत लागते. तर पत्ता अचूक दाखवणारं ॲप कोणतं, आणि त्यासाठी महागडा फोन घ्यावा का?

फोन घेऊ नका, निदान या कारणासाठी तरी नको. दर वेळी त्याच भिंतीपाशी नेतोय म्हणजे फोन आपलं काम चोख करतोय. घोळ पत्त्यात आहे.

फोन कुठे आहे हे उपग्रहांवरून कळतं. उघड्या आकाशाखाली साध्या स्मार्टफोनलाही ते साधारण ५ मीटरपर्यंत जमतं. उंच इमारतींवर आपटून सिग्नल येतो तिथे, किंवा डोक्यावर काँक्रीट असतं तिथे, ते बिघडतं. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खालून चालून बघा, नळ स्टॉपला तर मेट्रोखाली आणखी एक उड्डाणपूल आहे. तिथे ॲप तुम्हाला समोरच्या फुटपाथवरही ठेवेल. पण ही चूक हलती असते, आज इकडे, उद्या तिकडे. तुमची चूक जागची हललेली नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता कुठे आहे. ॲपला गेट बहुतेक वेळा माहीतच नसतं. त्याच्याकडे सोसायटीच्या नावाची एक पिन असते, आणि ती बहुधा इमारतीच्या किंवा प्लॉटच्या मध्यावर टोचलेली असते. त्या पिनला जो रस्ता सगळ्यात जवळ, तिथे प्रवास संपला असं ॲप धरतं. इमारत प्लॉटच्या मागच्या अंगाला असेल तर जवळचा रस्ता म्हणजे मागची गल्ली. मधली भिंत त्याच्या हिशेबात नाही. डोळस माणूस मान वर करतो, नाव वाचतो आणि वळसा घालून पुढे येतो, त्यामुळे तक्रारही करत नाही. आपल्याला ती भिंत कुठल्या बाजूने लवकर संपते इथपासून सुरुवात.

पेठांमध्ये याहून वाईट प्रकार होतो. घरनंबर रस्त्याच्या ओळीने जात नाहीत, आणि पत्ता असतो ‘चिमण्या गणपतीजवळ, बोळात, दुसरा वाडा’. पोस्टमनला कळतो, यंत्राला नाही. पण ‘सापडला नाही’ असं ॲप क्वचितच म्हणतं. पत्त्यातलं जेवढं ओळखता आलं तेवढंच घेतं आणि पेठेच्या मध्यावर कुठेतरी पिन ठेवतं. डोळस माणसाला नकाशा बघून शंका येते. आपल्याला तोच ठाम आवाज ऐकू येतो. म्हणून निघण्याआधी निकालाची ओळ पूर्ण ऐका. इमारतीचं नाव आलं तर ठीक. नुसतं ‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ एवढंच बोललं तर तो पत्ता नव्हे, तो परिसर झाला. तिथे जाऊन उपयोग नाही.

आता उपाय. पत्ता शोधणंच बंद करा, गेट साठवा. बहिणीला सांगा, गेटबाहेर रस्त्यावर येऊन उभी राहा आणि व्हॉट्सॲपवर सध्याचं लोकेशन पाठव. घरात सोफ्यावर बसून पाठवलेलं नको, ते पुन्हा इमारतीच्या पोटातलंच असतं. पाठवायच्या बटणाखाली ‘अमुक मीटरपर्यंत अचूक’ असा आकडा येतो, तो टॉकबॅकही वाचतो. आधी ४०–५० असेल, मिनिटभर उघड्यावर उभं राहिलं की उतरतो. दहाच्या आत आला की पाठवायचं. तो मेसेज तारांकित करून ठेवा. पुढच्या वेळी त्यावरूनच दिशा सुरू करायची. नकाशावर बोट दाबून पिन टाकण्याची कसरत आपल्याला करावी लागत नाही, म्हणून मला ही पद्धत बाकी सगळ्यांपेक्षा आवडते. स्वतः कुठे नव्याने गेलात तर निघताना गेटवर थांबून स्वतःलाच लोकेशन पाठवा.

कोडबद्दल, म्हणजे पत्त्याऐवजी जागा सांगणाऱ्या अक्षर-आकड्यांबद्दल, लोक सांगतील. गुगलचा प्लस कोड सहसा दिसतो तो साधारण १४ मीटर बाजूच्या चौकोनाचा, म्हणजे त्यात गेटही आलं आणि शेजारची टपरीही. एक अक्षर वाढवलं की चौकोन सुमारे ३ मीटरवर येतो. टपाल खात्याने आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राबरोबर (एनआरएससी) केलेला डिजिपिन २०२५ मध्ये आला, तो दहा अक्षरांचा, साधारण ४ मीटरचा चौकोन. दोन्ही चांगले, पण कोड ज्या जागेचा काढला त्या जागेइतकाच खरा. इमारतीच्या मध्याचा काढलात तर भिंत कायम. आणि फोनवर तोंडी घेऊ नका. दोन्हींत सी आणि पी आहेत, कानाला सारखेच लागतात. कॉपी करूनच पाठवायला सांगा.

ॲपपैकी आयफोनवाल्यांसाठी व्हॉइसव्हिस्टा छान आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली आणलेलं साउंडस्केप २०२३ मध्ये बंद केलं, पण त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना वापरायला खुला केला, त्यातून हे उभं राहिलं. वळणं सांगण्याऐवजी ठिकाणाच्या दिशेने कानात आवाज येत राहतो, आणि हव्या त्या जागी स्वतःची खूण करता येते. तुम्ही ॲण्ड्रॉइडवर आहात, तर लाझारिलो हे अंधांसाठीचं वाट सांगणारं ॲप वापरून बघा. दोन्ही कान बंद करणारे इअरफोन मात्र नकोत.

पण कुठलंही ॲप घ्या, शेवटचे पाच-दहा मीटर उपग्रहाच्या आवाक्याबाहेरचे आहेत. रस्त्याची डावी बाजू की उजवी, हेही तो छातीठोक सांगू शकत नाही. त्यासाठी लोकेशनच्या खाली एक ओळ टाईप करून ठेवावी. माझ्याकडे एका मित्राच्या घराची अशी आहे: ‘बसस्टॉपवरून रस्ता उजव्या हाताला ठेवून चाल, पिठाची गिरणी, मग गटाराची लोखंडी जाळी, जाळीनंतर लगेच उतार, तेच गेट.’ गिरणीचा वास आणि घरघर लांबूनच कळते, पण सुट्टीच्या दिवशी दोन्ही गायब. म्हणून काठीला लागणारी एक तरी न हलणारी खूण हवीच. डोळस माणसं ‘निळी बिल्डिंग’ लिहून पाठवतात, त्यांना जरा शिकवावं लागतं.

उभ्याउभ्या ‘उत्तरेकडे जा’ ऐकलंत तर त्यावर लगेच वळू नका. थांबलेल्या फोनची दिशा होकायंत्रावरून येते आणि लोखंडाजवळ, गाड्यांजवळ ती भरकटते. सुरक्षित बाजूने दहा पावलं टाका, मग ती सुधारते.

पिन दुरुस्तही करता येते. गुगल मॅप्सवर बदल सुचवता येतो, पण पिन सरकवायला डोळस माणूस बरोबर घ्या. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर तर प्रवेशद्वाराची वेगळी खूण टाकता येते, आणि व्हॉइसव्हिस्टा त्याच नकाशावर चालतं. सोसायटीतल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला धरलं तर त्याचं अर्ध्या तासाचं काम आहे.

या रविवारी बहिणीला गेटवर उभं करा आणि आकडा कितीवर येतो ते इथे लिहा. तीसच्या खाली उतरतच नसेल तर तिच्या फोनमध्ये बॅटरी सेव्हर चालू आहे का आणि लोकेशनची अचूकता सुधारणारी सेटिंग बंद आहे का, हे आधी बघा. वायफाय कशाला जोडलेलं नसलं तरी चालू ठेवायला सांगा, आसपासच्या राउटरवरूनही फोन जागा ओळखतो.